लिफ्टपर्यंत सोडायला येणारे फादर

फादरना मी शेवटचं जे बोललो, ते शिवीपेक्षा वाईट होतं.

फादर परवा गेले. आज इथे यूएईत, फुजैराच्या चर्चच्या हॉलमध्ये त्यांना निरोप दिला. बॉडी आयर्लंडला जाणार आहे, त्यांच्या गावी.

तुमच्यातले बरेच जण त्यांना ओळखत नाहीत. तरुणपणी मिशनरी म्हणून तैवानला गेले आणि म्हातारे होऊनच तिथून इथे आले. इथल्या चिनी लोकांसाठी चायनीजमध्ये मास, म्हणजे रविवारची प्रार्थना, म्हणायचे.

आणि मी कोण? रत्नागिरीचा मुसलमान पोरगा. सेकंड इयरला कॉलेज सोडून इथे जहाजांवर भाजीपाला पोचवणारा. माझा चायनीजशी काय संबंध?

लिनशी होता.

लिन पोर्टवर आमची डिलिव्हरी चेक करायची आणि रविवारी फादरच्या चर्चला जायची. मी बॉसला सांगितलं, चिनी जहाजं वाढलीत, फादरकडे भाषा शिकतो.

फादरना पहिल्याच दिवशी कळलं असणार. मी विचारलं, ‘तू मला आवडतेस’ला काय म्हणतात? ते म्हणाले, आधी पाहुण्याला निरोप द्यायला शीक.

मान झोऊ.

म्हणजे, सावकाश जा.

मला हसूच आलं. गल्फला निघालो तेव्हा अम्मी दारात हेच म्हणाली होती. ते ऐकून फादर खूश. "मग अर्धं चायनीज तू घरूनच घेऊन आलायस."

क्लास संपला की काठी टेकत ते मला लिफ्टपर्यंत सोडायला यायचे. गुडघे खलास झालेले. बसा म्हटलं तरी ऐकायचे नाहीत. म्हणायचे, मी तिकडे शिकवायला गेलो होतो, आणि हे शिकून आलो.

त्यांच्या भिंतीवर त्यांच्या आईचा फोटो होता. त्यापुढे ते चिनी लोकांसारखे तीनदा वाकायचे.

पाद्र्याला हे चालतं का, असं मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की जुन्या काळी यावरूनच मिशनरींमध्ये भांडण झालं. काही म्हणाले, चिनी माणूस आपल्या वाडवडिलांपुढे वाकला तर बिघडलं काय. बाकीचे म्हणाले, नाही, ख्रिस्ती व्हायचं तर ते सोडा. शेवटी रोमहून बंदीच आली. ती उठायला पिढ्या गेल्या.

"पाहुणे म्हणून गेलो आणि घरातल्या म्हाताऱ्यांनाच बाहेर काढा म्हणालो," फादर म्हणाले. "त्याची लाज वाटायला आम्हाला फार उशीर झाला."

हे सगळं मी ऐकलं होतं.

तरीही.

लिन नाही म्हणाली, त्या दिवशी मी सरळ फादरकडे गेलो आणि त्यांच्या अंगावर ओरडलो. तुम्हीच तिला माझ्याविरुद्ध फिरवलंत, मी मुसलमान आहे म्हणून.

"तुम्ही लोक भाषा शिकता ती फक्त माणसं फिरवायला."

ते काठी टेकत उठले.

"आणि तू, इरफान? तू कशाला शिकलास?"

मी दार आपटून निघालो. ते लिफ्टपर्यंत येतील, म्हणून मुद्दाम जिन्याने उतरलो. दोन मजले खाली गेल्यावर वरून आवाज आला. मान झोऊ.

मी वर बघितलंसुद्धा नाही. परत कधी गेलोच नाही.

लिनला कुणी फिरवलं नव्हतं. तिला मी आवडत नव्हतो, एवढंच. ते मला तेव्हाही माहीत होतं.

आज हॉलमध्ये फादरचा फोटो. लोक एकेक करून पुढे जात होते आणि तीनदा वाकत होते. माझा नंबर जवळ आला. आम्ही अल्लाहशिवाय कुणापुढे वाकत नाही. आणि नाही वाकलो तर सगळ्यांना वाटणार, याचा राग अजून गेला नाही.

मागे सरकायला लागलो, तर लिन जवळ आली. हळूच म्हणाली, "फादरनी सांगून ठेवलंय. इरफान आला तर त्याला वाकायला लावू नका. तो सोडायला येईल."

आला तर.

माझ्याच्याने तिच्याकडे बघवेना.

मग मी पेटीला खांदा दिला. हॉलपासून गाडीपर्यंत. फार लांब नव्हतं, पण मी चालच धीमी ठेवली. मागचा फिलिपिनो भाऊ दोनदा ‘यल्ला, चल लवकर’ म्हणाला. मी ऐकलं नाही.

गाडीचं दार लागलं तेव्हा मान झोऊ म्हणायला तोंड उघडलं. उच्चार चुकला. एक चिनी आजी माझ्याकडे बघून हसली आणि तिने नीट म्हणून दाखवलं. मी परत म्हटलं.

सॉरी म्हणायचं होतं. ते राहूनच गेलं.

फादर, सावकाश जा.