दादाला दिलेली चाल

मी आजवर बावीस दादांच्या वाढदिवसांची गाणी लिहिली, त्यांना चाली लावल्या आणि ती स्वतःच गायली. त्यातल्या एकवीस गाण्यांची मला लाज वाटते. बाविसाव्याबद्दल मात्र अपराधी वाटतं. लाज चारचौघांत वाटते, घरी आलं की विसरता येते. अपराधीपणाचं उलट आहे. तो घरीच असतो आणि आपल्याला पोळी वाढतो.

मी स्वतंत्र गायक-गीतकार आहे. स्वतंत्र म्हणजे पाठीशी कुठलीही कंपनी नाही. एक होती, पण ती चाकणला होती आणि गिअर बनवायची. तिथे मी क्वालिटीत सतरा वर्षं काढली. हातातल्या मापाच्या गेजमध्ये पार्ट बसला तर पास, अडकला तर बाजूला. चाळिशीत मी नोकरी सोडली आणि पिंपळे गुरवच्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाटाच्या आत गोधड्या लावून स्टुडिओ केला. माझ्या पहिल्या गाण्यात शेजारच्या कुकरच्या तीन शिट्ट्या स्पष्ट ऐकू येतात. एका श्रोत्याने खाली लिहिलं होतं, ‘बासरी छान.’ मी त्याला धन्यवाद दिले, हेही इथे कबूल करतो.

माझी स्वतःची गाणी फार थोडे लोक ऐकत. त्यातले निम्मे नातेवाईक, आणि तेही मी समोर बसलो असेन तरच. घर चालवलं ते दादांनी. आमच्याकडे प्रत्येक प्रभागात एक दादा असतो, एक भाऊ असतो आणि एक साहेब असतात. प्रत्येकाचा वाढदिवस असतो, चौकात फ्लेक्स लागतो, आणि आता गाणंही लागतं. मी कंपनीतली पद्धत वापरली. साचा एकच, वरचं नाव बदललं की माल तयार. तीन अक्षरी नाव चालीत सहज बसायचं, पाच अक्षरी अडकायचं, मग तिथे ‘आपला माणूस’ टाकून पास करायचो.

फक्त एक चाल या धंद्याबाहेर होती. ती मी एकविसाव्या वर्षी केली होती. तेव्हा मी आयटीआयला होतो, आणि आता जी माझी बायको आहे ती दापोडीत बालवाडीचा कोर्स करत होती. रेल्वेच्या फाटकापाशी ती थांबायची, मीही थांबायचो. फाटक उघडलं तरी थांबायचो.

‘दापोडीच्या फाटकापाशी थांबलीस तू जराशी,
गाडी गेली, गर्दी गेली, मी उरलो तुझ्यापाशी.’

ते गाणं मी कधीच ध्वनिमुद्रित केलं नाही. नोकरी सोडताना बायकोने एकच अट घातली होती. “सगळी गाणी विका. हे एक माझं. ते बाजारात दिसलं तर मी तुम्हाला परत चाकणच्या बसमध्ये बसवून येईन.” मी शपथ घेतली. चहाच्या कपावर हात ठेवून घेतली, कारण जवळ दुसरं काही नव्हतं.

आणि मग आमच्याच भागातल्या दादांचा वाढदिवस आला. दोन दिवस आधी त्यांचा एक कार्यकर्ता घरी आला. पिढ्यान्पिढ्या इथलाच, आवाज मोकळ्या रानातला. मी नेहमीची चाल वाजवून दाखवली. त्याने पहिल्याच ओळीला हात वर केला.

“राव, ही तर पलीकडच्या भाऊंची हाय. गेल्या महिन्यात तीन दिवस आमच्या डोक्यावर वाजली. हीच वाजवली तर आमचं नाक ऱ्हाईल का?”

“थोडी बदलून देतो.”

“थोडी न्हाई. कुणी कधी ऐकली नसंल अशी पायजे. उद्या सकाळी.”

कुणी कधी ऐकली नसेल अशी माझ्याकडे एकच चाल होती. रात्रभर बसून नवी करता आली असती. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं नाही, आज सांगतोय. तेव्हा मी सांगितलं की चाल वेगळी आणि गाणं वेगळं, शपथ गाण्याची होती. रात्रीपर्यंत शब्द तयार झाले:

‘गोरगरिबांच्या हाकेसरशी धावत येतो दादा उपाशी,
सत्ता गेली, खुर्ची गेली, जनता उरली दादापाशी.’

सकाळी कार्यकर्त्याने ऐकलं. दादा मागच्या निवडणुकीत पडले होते, त्यामुळे दुसरी ओळ त्याच्या काळजाला भिडली. पहिली मात्र अडकली.

“दादा उपाशी? राव, तुमी दादांना पाहिलंय का कधी?”

“म्हणजे जेवण सोडून धावत येतात.”

“जेवण सोडत न्हाईत हो. जेवताना फोनसुदिक घेत न्हाईत.” मग त्याला आठवलं. “पण संकष्टी धरतात.”

“मग झालं तर. ते संकष्टीच्या दिवशी धावतात.”

“हां, मंग बसतंय,” तो म्हणाला आणि पेन ड्राइव्ह खिशात घालून गेला.

आता प्रश्न बायकोचा होता. वाढदिवस आमच्या इमारतीसमोरच्या चौकात. मला अचानक तळेगावच्या सासूबाईंच्या गुडघ्यांची फार काळजी वाटू लागली.

“उद्या जाऊन ये आईकडे. मुक्कामाने जा. मी माझं करून घेईन.”

ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, “काय केलंत?”

“काही नाही गं.”

“वीस वर्षांत आईच्या गुडघ्यांची चौकशी केली नाहीत. काय केलंत ते आत्ता सांगता की नंतर?”

नंतर सांगायचं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती तळेगावला गेली. मला इतकं हलकं वाटलं की संध्याकाळी साडेसहाला मी चौकात गेलो आणि साउंडवाल्याशेजारी खुर्ची टाकून बसलो. स्वतःचं गाणं मोठ्या स्पीकरवर ऐकायचा मोह होता, तोही कबूल.

स्टेजवर पाच सवाष्णी औक्षणाचं ताट घेऊन उभ्या होत्या. तिसरी माझी बायको होती.

झालं होतं असं. दादांचा मुलगा तिच्या बालवाडीत होता. दादांच्या बायकोने दुपारी फोन केला, “बाई, औक्षणाला तुम्ही पाहिजेच.” तळेगावला चहा पिऊन आमच्या बाई चारच्या लोकलने परत. हे मला कळवायची गरज तिला वाटली नाही, कारण तिला माझ्या चेहऱ्याकडे बघायचंच होतं.

मी साउंडवाल्याचा हात धरला. “भावा, जुनं गाणं लाव. भाऊंचं असलं तरी चालेल, नाव मी माइकवरून बदलतो.”

“मालक, पेन ड्राइव्हमधी एकच हाय,” तो म्हणाला आणि बटण दाबलं.

त्याच वेळी तिची पाळी आली होती. दादांसमोर तिचं ताट फिरत होतं. चालीच्या पहिल्या चार सुरांनंतर ते हवेत थांबलं. ‘धावत येतो दादा उपाशी’ आलं, तेव्हा ते हळूहळू उलट्या दिशेने फिरायला लागलं. मग तिने दादांना पुन्हा कुंकू लावलं, इतक्या जोरात की ते भुवयांच्या मधून नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरलं. दादा खूश होते. त्यांनी माइक तिच्यासमोर धरला.

“बाई, गाणं कसं वाटलं? तुमच्याच साहेबांनी केलंय.”

ती गर्दीत मला शोधत होती. मी स्पीकरच्या मागे होतो, पण स्पीकर अरुंद होता.

“चाल ओळखीची वाटली,” ती म्हणाली.

“वाटणारच!” दादा म्हणाले. “घराघरात पोचलंय!”

टाळ्या झाल्या. गाणं परत लागलं. मग परत. आम्ही घरी आल्यावरही खिडकीतून ते अकरा वेळा आत आलं. मी बारा मोजायला थांबलो नाही, जेवायला बसलो. ताटात काहीच नव्हतं.

“दादा उपाशी धावतो ना,” ती म्हणाली. “तुम्ही निदान उपाशी बसा. भूक लागली तर जनता आहेच तुमच्यापाशी.”

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. कार्यकर्ता, पेन ड्राइव्ह, सासूबाईंचे गुडघे. शेवटी ती म्हणाली, “ठीक आहे. आता माझं म्हणा.”

मी गिटार घेतली. ‘दापोडीच्या फाटकापाशी’ नीट म्हटलं. आणि पुढे माझ्या तोंडून बाहेर पडलं, ‘धावत येतो दादा उपाशी.’

ती हसली नाही. मी परत सुरुवात केली. परत दादा आला. तिसऱ्यांदा मी डोळे मिटले, फाटक आठवलं, तिची निळी ओढणी आठवली, आणि फाटकापलीकडून दादा धावत आला. दुसरं कडवं तर एका शब्दानेही आठवेना. ते गाणं मी कंपनीच्या इन्स्पेक्शन शीटमागे उतरवून ठेवलं होतं, आणि घर बदलताना तो गठ्ठा मीच रद्दीत दिला होता. मला वाटलं होतं, असं गाणं कुठे हरवतं. ती उठून आत गेली. स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजावरून मला तिचा राग कळतो. त्या दिवशी भांड्यांचा आवाज आला नाही.

रविवारी सकाळी तिने माझ्यासमोर वही आणि पेन ठेवलं. “लिहा,” म्हणाली. “मला सगळं पाठ आहे.”

तिने सांगितलं, मी लिहिलं. पहिलं कडवं जसंच्या तसं होतं. ते ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी वहीवर वाकलो. दुसरं कडवंही ओळखीचं वाटलं. मग ती म्हणाली, “आता तिसरं.”

“तिसरं होतं?”

“लिहा. ‘पहिली पाळी, दुसरी पाळी, चहा करीन मी सकाळी. भांडी घाशीन, मेथी निवडीन, आठी नसेल कपाळी.’”

माझं पेन थांबलं. एकविसाव्या वर्षी मला मेथी आणि शेपू यांतला फरक माहीत नव्हता. आणि कविता लिहिणारा कुठला मुलगा प्रेमात असताना भांड्यांपर्यंत जातो?

“तुला नक्की आठवतंय?” मी विचारलं.

“तुम्हाला आठवतंय का?”

मी लिहून घेतलं. मीटरमध्ये अगदी चपखल बसत होतं, माझ्या बऱ्याच ओळींपेक्षा चपखल.

त्यानंतर तीन प्रभागांतून ‘ती उपाशीवाली चाल’ मागायला लोक आले. तिघांनाही मी परत पाठवलं. गाणं तीन कडव्यांसह मी घरात रोज म्हणतो, कारण दादा अजून पुरता गेलेला नाही, कधीकधी दुसऱ्या ओळीच्या कोपऱ्यावर उभा दिसतो. सकाळी गॅसपाशी उभा राहून म्हणतो, म्हणजे चहा उतू जात नाही. आतून ती ऐकत असते. तिसऱ्या कडव्याला माझा आवाज जरा खाली गेला, की ती हाक मारते, “मोठ्याने! मूळ गाण्यात तिथे आवाज वर जातो.”