उजव्या खुर्चीतला कॅप्टन

आमच्या वरच्या मजल्यावरच्या कॅप्टनना नोकरी सुटल्यावरही सगळे कॅप्टनच म्हणत. त्यांच्या बायकोचं नाव इमारतीत कधीचंच कॅप्टनीण पडलं होतं. ते तिला शोभायचंही. नवरा आकाशात असताना घर तीच चालवायची, आणि तो खाली उतरला तरी तीच चालवायची. ती शाळांचे गणवेश शिवते. मी शाळेत शिकवायचे तेव्हा त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, त्यामुळे त्यांचा जिना मी बऱ्याच वर्षांपासून चढते आहे.

त्यांची विमान कंपनी बंद पडली तेव्हा कॅप्टन एकसष्ट वर्षांचे होते. प्रवासी विमान पासष्टीपर्यंतच चालवता येतं. "त्यानंतर विमानात बसायचं ते मागे, पट्टा बांधून," असं ते सांगत. पहिल्यांदा आम्ही हसलो. पुढे पुढे तेच हसेनासे झाले.

इथे त्यांनी विचारायचं तिथे विचारून पाहिलं. एका कंपनीतल्या तरुण अधिकाऱ्याने त्यांच्या अनुभवाची इतकी तारीफ केली की कॅप्टन घरी येऊन म्हणाले, "झालं. एवढं कौतुक माणूस गेल्यावरच करतात." चार वर्षांत घरी बसणाऱ्या माणसावर कोण मेहनत घेणार, हे त्यांनाही कळत होतं. मग परदेशांची चौकशी सुरू झाली. नोकऱ्या लावून देणारा एक एजंट फोनवर हळू आवाजात बोलायचा, दुखवट्याला आल्यासारखा. वय विचारायचा, "अच्छा" म्हणायचा, आणि पुन्हा त्याचा फोन यायचा नाही.

शेवटी एका दूरच्या देशातून होकारासारखं काही आलं. तिथे विमानं नवी होती आणि चालवणारे कमी. विमान कॅप्टनच्या सवयीचंच होतं. अट एकच होती: पहिलं वर्ष उजव्या खुर्चीत बसायचं. म्हणजे कॅप्टन दुसराच कोणी, आणि हे त्याचे मदतनीस. त्याआधी तिथे जाऊन परीक्षा द्यायची, खोट्या विमानात. एका बंद खोलीत विमानाचं पुढचं तोंड बांधलेलं असतं आणि परीक्षक मागे बसून हवी तशी संकटं आणतो.

कॅप्टनीणने ऐकून घेतलं आणि "बघू" म्हणाली. ती बरोबर जाणार का, हे कॅप्टननी विचारलं, तेव्हाही "बघू"च म्हणाली.

घरी सराव सुरू झाला. शिवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर विमानातल्या घड्याळांचं आणि बटणांचं मोठं चित्र चिकटवलं. सुकाणू म्हणून कपडे अडकवायचा लाकडी हँगर. इंजिनांचा जोर वाढवायचे दोन दांडे दोन खुर्च्यांच्या मधे असतात, त्यांच्यासाठी एका खोक्यात स्वयंपाकघरातली दोन उलथनी रोवली. जेवणाच्या वेळी एक इंजिन काढून न्यावं लागे. डाव्या खुर्चीत कॅप्टनीण बसून परीक्षेतले प्रसंग वाचून दाखवायची, उजवीत कॅप्टन.

एवढी वर्षं ते डावीकडे बसत आले होते. डाव्या हातात सुकाणू, उजवा हात मधल्या दांड्यांवर. आता सगळं उलटं झालं. दांडे डाव्या हाताशी आले आणि उजवीकडे नुसतं कपाट.

एका दुपारी मी पाठीवर उन्हं घेत बसले होते, तर कॅप्टनीण कात्री मागायला आली. शिवणाऱ्या बाईने माझी कात्री मागावी, तेव्हाच ती ताकाला येऊन भांडं लपवते आहे हे मला कळलं. बराच वेळ ती गुडघ्यांबद्दल बोलली. मग म्हणाली, "बाई, त्यांचा हात चुकतो."

मी कात्री हातातच धरून राहिले.

विमान उतरायला आलं आणि धावपट्टी दिसली नाही, तर ते पुन्हा वर न्यावं लागतं. त्या वेळी सगळ्यात आधी दांडे पुढे रेटायचे, आता डाव्या हाताने. पण ती "दिसत नाही" असं वाचायची आणि कॅप्टनचा उजवा हात हँगर सोडून कपाटाकडे जायचा. क्षणभरच. मग डावा पुढे सरायचा. त्यांच्या स्वतःच्या ते लक्षातही येत नव्हतं. जित्याची खोड.

"आणि मी काही बोलत नाही," ती म्हणाली.

खऱ्या विमानात चुकला तर, असं मी विचारलं. तिथवर जाणारच नाही, असं तिचं म्हणणं. परीक्षक नापास करतील आणि हे घरी येतील. गेल्या काही महिन्यांत दोघं संध्याकाळी फिरायला लागली होती, भाजीवाल्याशी घासाघीस करायला कॅप्टन शिकले होते, बटणांची काजंसुद्धा बरी करायला लागले होते. इतक्या वर्षांत तिने नवरा मागितला नव्हता. आता आयता मिळाला होता.

ती उठली, दारापर्यंत गेली, आणि तिथून म्हणाली, "नापास होऊन आले तर घरी येतील खरे. पण मग मी त्यांचं करू काय?"

कात्री इथेच राहिली. संध्याकाळी ती द्यायला म्हणून मी वर गेले, तर सराव चालू होता. मला स्टुलावर बसवून ती वाचत राहिली. "दिसत नाही," तिने वाचलं. हात कपाटाकडे गेला.

"थांबा," ती म्हणाली. "उजवा हात."

कॅप्टननी हाताकडे पाहिलं. तो अजून हवेतच होता.

"हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही गेला असतात."

माझ्यासमोर हे व्हायला नको होतं, पण उठणंही बरं दिसेना. कॅप्टन रागावले नाहीत. एक उलथनं खोक्यातून उपसून त्यांनी परत नीट रोवलं. मग म्हणाले, "प्रत्येक उड्डाणाआधी शेजारच्याला सांगत आलो, दिसेल ते बोला, मी रागावणार नाही. घरात सांगायचं राहूनच गेलं."

कॅप्टनीणने गळ्यातली मापाची टेप काढली आणि त्यांचं उजवं मनगट हँगरला बांधून टाकलं. "आता जा म्हणावं कपाटाकडे." मग दोघं पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.

ते परीक्षेला गेले आणि चार दिवसांनी परत आले. पास झाले होते. परीक्षकाने तीनदा धावपट्टी गायब केली, हात तीनदा जागच्या जागी राहिला. मी वर गेले तेव्हा हे सांगताना ते बूट न काढताच खुर्चीत बसले होते, उजव्या. कंपनीला होकार कळवायचा बाकी होता. एजंटचा फोन आता दिवसातून दोनदा येत होता, मोठ्या आवाजात.

कॅप्टनीणने पाणी दिलं. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, "आता तुला काय दिसतं ते बोल."

"रागवाल."

"नाही."

"तुम्ही दमलात," ती म्हणाली. "हेही पहिल्या दिवसापासून दिसतंय."

ते वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. तिसऱ्यांदा विमान वर घेतलं तेव्हा आपल्याला काय वाटलं, ते त्यांनी खाली मान घालूनच सांगितलं. आनंद नव्हता झाला. आता हे संपेल आणि झोपता येईल, एवढंच वाटलं होतं.

एजंटला नकार त्यांनी स्वतः कळवला. हा भाग मला तिने सांगितला. तो पुन्हा दुखवट्याच्या आवाजात बोलायला लागला, तर कॅप्टन त्याला म्हणाले, "तसं काही झालेलं नाही हो. मी पास झालोय."

गणवेशांचा हंगाम आला तशी भिंत मोकळी केली आणि उलथनी स्वयंपाकघरात परत गेली. कॅप्टन आता बटणं लावतात. मधे कधी मी वर बसलेली असते आणि छपरावरून एखादं विमान खाली उतरत जातं. ते मान वर करत नाहीत. पण सुई थांबते, आणि उजवा हात सुईसकट जरासा पुढे सरकतो.

"हात," कॅप्टनीण मशीनवरून न बघताच म्हणते.

"हो हो," ते म्हणतात, आणि सुईतून सुटलेला दोरा शोधायला लागतात.