काठी टेकत रोही हाकलायला गेलो तेव्हा

मंडळी, आज सकाळी मोताळ्याजवळ काकांच्या शेतात जे झालं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दिवाळीआधी गाडीवरून पडून माझी नडगी मोडली, आत रॉड बसला, हे तुम्हाला माहीतच आहे. पुढच्या आठवड्यात आपली ज्ञानगंगेच्या जंगलाची मोहीम. "काठी सुटली तरच ये," असं तुम्हीच बजावलंय. म्हणून रोज चालतोय. काकांनी त्यातही काम काढलं, "चालाचंच हाये त हरभऱ्यातले रोही हाकल!"

रोही म्हणजे नीलगाय. एरवी आम्ही डबे वाजवत, ओरडत पळतो आणि ते धूम ठोकतात. आज मला पळता कुठे येतंय? काठी टेकत हळूहळू बांधावरून निघालो. रोह्यांनी माना वर केल्या, मला पाहिलं आणि पुन्हा हरभरा खायला लागले!

इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पाहिले. नराच्या गळ्याखाली केसांचा झुपका, पायांत कडी घातल्यासारखे पांढरे पट्टे. मी उभाच राहिलो.

मागून काका ओरडले, "हाकलून राह्यला का पाहून राह्यला बे?"

मग काठी काखेत मारली आणि भराभर चार पावलं टाकली. पाय ठणकला, पण कळप उधळला.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. आजवर जंगलात आपल्याला पळणाऱ्या जनावरांच्या पाठीच दिसल्या, त्या आपल्या भराभर चालण्यामुळे का?

सांगा बरं, मी काठी सोडू, की तुम्हीच सगळे एकेक काठी घेऊन येता?