भोयर सरांचा इजिप्त आणि आईसक्रीमचा फ्रीजर

“मॅडम, भोयर सरांच्या कपाटातून पानी येऊन राह्यलं,” नामदेवभाऊ फोनवर म्हणाले.

मी चहा तसाच टाकून निघाले. शनिवारची सकाळ होती. शुक्रवारी आमच्या वाचनालयाला सुट्टी असते. त्यामुळे गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह कधी बिघडला आणि पाणी किती वेळ वाहिलं, हे सांगायला कोणीच नव्हतं. मी पोचले तेव्हा मोटर बंद करून नामदेवभाऊ बादली घेऊन कपाटासमोर उभे होते. ते आमचे शिपाई. माझ्या आधीपासून इथे आहेत आणि ग्रंथपाल म्हणून माझ्यापेक्षा आपणच बरे, असं त्यांचं मत आहे.

छतातून झिरपलेलं पाणी नेमकं त्या एकाच कपाटावर पडलं होतं. भोयर सर आंजी (मोठी)च्या शाळेत इतिहास शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. प्राचीन संस्कृती, साम्राज्यं आणि धर्मपंथ यांवरची पुस्तकं त्यांनी जन्मभर जमवली. इजिप्त, मेसोपोटेमिया, सिंधू, रोम, आपले वाकाटक, बौद्ध, जैन, महानुभाव, सगळं त्यात होतं. दिवाळीनंतर ती सगळी त्यांनी आम्हाला देऊन टाकली. अट एकच होती.

“कपाटात ठेवायले माह्या घरी जागा होती मॅडम,” ते म्हणाले होते. “लोकायनं वाचले पाहिजेत.”

आमच्या समितीने मात्र दात्याचा मान राखायचा म्हणून काचेच्या दारांचं नवीन कपाट केलं. वर सरांच्या नावाची पाटी लावली आणि दाराला कुलूप घातलं. किल्ली माझ्याकडे. वाचक यायचे, काचेतून बघायचे आणि पुढे जायचे. कुलपातली वस्तू बघायचीच असते, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. काच काढू या, असं मी अध्यक्षांना सांगून पाहिलं. “दात्याचा अपमान होईल,” ते म्हणाले.

सर दर शनिवारी एसटीने यायचे, आपलंच एखादं पुस्तक मागून वाचत बसायचे आणि निघताना विचारायचे, “कोनी नेलं का?” मी म्हणायचे, “नाही सर.” हे महिनोन् महिने चाललं. मागच्या शनिवारी ते दारात जरा थांबले होते. “एखाद्या कॉलेजले देऊन टाकू का मॅडम? तुमाले राग तं नाई ना येनार?” मी म्हटलं, पुढच्या शनिवारी बोलू. तो पुढचा शनिवार म्हणजे आजचा, आणि सर अकराच्या सुमारास येणार होते.

वरचे कप्पे कसेबसे वाचले होते. पाणी मागच्या फळीवरून ओघळून तळाशी साचलं होतं, त्यामुळे खालचे चिंब होते. मी बघेपर्यंत नामदेवभाऊ आणि पेपर वाचायला येणारे दोन काका पुस्तकं उचलून गच्चीकडे निघालेही होते.

“कुठे नेताय?”

“उन्हात. मे महिना हाय मॅडम. बाजूच्या घरच्या कुरड्या एका दिवसात वाळतात, पुस्तकायले कितीक वेळ लागते? कडक होऊन जातीन.”

“कडक होतील, तेच तर नकोय,” मी जिन्यात आडवी आले.

इथे थोडं समजावून सांगते. साधा कागद भिजला तर नीट वाळवून वापरता येतो. पण चित्रांच्या पुस्तकांना गुळगुळीत आर्ट पेपर असतो. त्याच्यावर एक लेप असतो, आणि तो भिजला की डिंकासारखा होतो. पानं तशीच एकमेकांवर वाळली की पुस्तकाची वीट होते. मग ती कोणीच उघडू शकत नाही. सरांची निम्मी पुस्तकं अशी चित्रांची होती. प्रत्येक पान वेगळं करून सावलीत वाळवायचं, तर आमच्याकडे ना तेवढे हात होते, ना तेवढा वेळ. अशा वेळी ओली पुस्तकं गोठवतात. गोठल्याने पुस्तक दुरुस्त होत नाही, पण बिघडायचं थांबतं. मग थोडी थोडी बाहेर काढून सवडीने वाळवता येतात. हे मी नागपूरच्या एका कार्यशाळेत ऐकलं होतं. स्वतः कधी केलं नव्हतं.

अध्यक्षांना फोन लावला.

“फ्रीजरमध्ये? मॅडम, तब्येत बरी आहे ना?”

“माझी बरी आहे. पुस्तकांची नाही.”

“उन्हात टाकून खराब झाली तर आपण उन्हाला दोष देऊ. फ्रीजरमध्ये झाली तर तुम्हाला.”

“चालेल.”

“मग लिहून द्या तसं.”

“देते. आधी पुस्तकं ठेवून येते.”

एवढा मोठा फ्रीजर मला एकाच माणसाकडे माहीत होता. पिपरी मेघेचे गजूभाऊ. त्यांचा आईसक्रीमचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घरामागची मोठी शेड. माझ्या मुलीच्या लग्नात आईसक्रीम त्यांचंच होतं, ओळख एवढीच. लग्नसराईचे दिवस होते. मी तिथे जाऊन सगळं सांगितलं तेव्हा ते डबे भरत होते. ऐकून थांबले.

“मॅडम, आईसक्रीम वास लवकर धरते. पुस्तकाचा वास लागला तं पाव्हने म्हनतीन, गजूनं रद्दी खाऊ घातली.”

“म्हणजे नाही जमणार?”

“तसं कुठं म्हनलं? एक फ्रीजर पुरा खाली करा लागन.” त्यांनी हातातल्या डब्याचं झाकण लावलं. “कोनाचे हायेत पुस्तकं?”

“आंजीच्या भोयर सरांची. ओळखता?”

“नाई. पन जनमभर जमवले म्हनता ना?” त्यांनी हात पुसले. “लाईट गेली का मी या फ्रीजरपाशी बसून राह्यतो मॅडम. डोळ्यासमोर माल खराब होते अन् आपल्याले काईच करता येत नाई. कसं वाटते ते मले मालूम हाय. आना पुस्तकं.”

अर्ध्या तासात त्यांचा टेम्पो वाचनालयाच्या दारात होता. सोबत त्यांच्या पत्नी वंदनाताई होत्या, बटर पेपरची गुंडाळी घेऊन. गोठताना पुस्तकं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून प्रत्येक पुस्तक बटर पेपरात गुंडाळायचं आणि कणा खाली ठेवून क्रेटमध्ये लावायचं. पुसायचं नाही, उघडायचं नाही. मी एकदा करून दाखवलं. दुसऱ्या पुस्तकापासून वंदनाताई माझ्यापेक्षा भरभर करू लागल्या. क्रेट भरले तसे गजूभाऊ ते टेम्पोतून फ्रीजरकडे घेऊन गेले.

रिकाम्या केलेल्या फ्रीजरमधला बराच माल दुसरीकडे बसला, पण आंब्याच्या आईसक्रीमचे डबे उरले. ते गजूभाऊंनी टेम्पोत घालून आणले होते. “वितळून जाईन त्यापरीस खाऊन टाका,” म्हणाले. अशा रीतीने वाचनालयाच्या इतिहासात पहिल्यांदाच पेपर वाचायच्या टेबलावर आईसक्रीम वाटलं गेलं, तेही ‘येथे खाद्यपदार्थ आणू नयेत’ या पाटीखाली.

आणि नेमके तेव्हाच डोक्याला दुपट्टा बांधलेले भोयर सर दारात आले.

“आज काय हाय? कोनाचा वाढदिवस हाय का?”

नामदेवभाऊ वाटी घेऊन खिडकीबाहेर बघू लागले. सांगायचं मलाच होतं, ते मी सांगितलं. सरांनी मोकळ्या कप्प्यांकडे पाहिलं, मग खुर्ची ओढून बसले.

“नाईल नदीले दरसाल पूर यायचा,” ते म्हणाले. “पूर म्हनजे वरदान, असं मी पोरायले शिकवलं. परीक्षेत एका मार्काले विचारायचो.”

नामदेवभाऊंनी एक वाटी सरांपुढे ठेवली. सरांनी ती संपवली आणि म्हणाले, “चला, मले दाखवा.”

पिपरी मेघेला गजूभाऊंनी फ्रीजरचं झाकण उघडलं. आत पांढऱ्या कागदात गुंडाळलेली पुस्तकं ओळीने उभी होती. सर वाकून बघत राहिले.

“ममी करून ठेवल्या तुमी,” ते म्हणाले. त्यांचा हात बराच वेळ झाकणावर होता. मग गजूभाऊंना म्हणाले, “तुमचं नाव काय हो?” गजूभाऊंनी सांगितलं तेव्हा सरांनी त्यांना हात जोडले. इतक्या वयाच्या माणसाने आपल्याला हात जोडावेत, हे गजूभाऊंना सहन होईना. ते झाकण लावायच्या निमित्ताने पाठमोरे झाले. माझेही डोळे भरून आले होते.

पुढचं काम उन्हाळाभर पुरलं. थोडी पुस्तकं बाहेर काढायची, हॉलमध्ये सावलीत, पंख्याखाली ठेवायची, पानापानात कागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. मदतीला वंदनाताई आपणहून आल्या, शेजारच्या दोघींना घेऊन. मी पान कसं उचलायचं ते सांगायला लागले. “पापड उलटवतो ना आमी मॅडम,” वंदनाताई म्हणाल्या, “नाई फाटत.” आणि खरोखरच नाही फाटलं.

पण पान उचलायचं म्हटलं की ते दिसतं. एका दुपारी वंदनाताई थबकल्या.

“सर, या रानीले दाढी काऊन हाय?”

भोयर सर तेव्हा शनिवारशिवायही यायला लागले होते. ते सरसावून बसले. “ती इजिप्तच्या राजाच्या गादीवर बसली. राजाले दाढी पाहिजे, म्हनून मूर्तीले लावली. ती गेल्यावर मंग तिचं नावच खोडून टाकलं.”

“कोनं खोडलं?”

“ते उद्या सांगतो.”

नामदेवभाऊंनी हातातला झाडू खाली ठेवला. “उद्या काऊन? आताच सांगा ना.” सरांनी सांगितलं नाही. शाळेत त्यांचा वर्ग का भरलेला असायचा, ते मला त्या दिवशी कळलं.

सगळी पुस्तकं वाचली नाहीत. रोमन साम्राज्यावरचं एक जाडजूड पुस्तक मी त्या सकाळी हाताळतानाच आतून चिकटलेलं होतं. त्याची वीट झाली. ती माझ्या टेबलावर असते. बाकीच्यांची पानं कुरडईसारखी वाकडीतिकडी झाली, पण अक्षर न् अक्षर वाचता येतं. पुस्तकं परत लावायची वेळ आली तेव्हा अध्यक्षांनी काच आणि कुलूप काढलं. मी त्यांना काचेमागे हवा खेळत नाही, अशा पुस्तकांना बुरशी धरते असं सांगितलं, आणि ते खरंच आहे. हवा किती दिवस लागेल ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मी नोकरीत बरीच पुस्तकं सांभाळली. पण त्या उन्हाळ्यात मला ज्यांनी सांभाळलं, त्यांच्यातल्या एकाचंही नाव आमच्या सभासद यादीत नव्हतं. आता आहे. गजूभाऊ तर आल्या आल्या पंख्याखालची जागा पकडतात.

पावसाळा लागल्यावरच्या एका शनिवारी सर आले. उघड्या कपाटापुढे उभे राहून शोधाशोध करू लागले.

“मॅडम, ते रानीचं पुस्तक दिसत नाई. खराब झालं का?”

“नाही सर. वंदनाताईंनी घरी नेलंय.”

सर रिकाम्या जागेकडे बघत राहिले. तिथे बोट घालून पाहिलं.

“कधी आनून देतीन?”

“पंधरा दिवसांची मुदत असते. त्यानंतर नामदेवभाऊंचा नंबर आहे.”

“मंग मी काय वाचू?” सर तक्रारीच्या सुरात म्हणाले. एवढ्या आनंदाने केलेली तक्रार मी त्याआधी ऐकली नव्हती. निघताना त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. कॉलेजचाही विषय पुन्हा निघाला नाही.

या सगळ्यातून आमच्या वाचनालयाने धडा एकच घेतला. पाण्याची टाकी पुस्तकांच्या डोक्यावर असू नये. ती आम्ही हलवली. आता ती समितीच्या बैठकीच्या खोलीवर आहे.