भोपाळला लिहिलेली तक्रार

महाजनकाका कुठलंही पत्र हातात घेतलं की आधी त्याच्यावरचा शिक्का बघत. मजकूर नंतर; पत्र दुसऱ्याचं असेल तर नाहीच. बुऱ्हाणपूरच्या पोस्टात त्यांनी तीस वर्षं टपाल छाटलं होतं, म्हणजे गावागणिक वेगळं लावलं होतं. "हे अकोल्याला टाकलेलं, पण भुसावळला एक दिवस पडून राहिलं," असं ते शिक्क्यावरून सांगत आणि कार्ड उलटं धरून परत देत. "शिक्क्याला बोलू द्या, मास्तरीणबाई. बाकी कागदावर कोण काय लिहील, काय भरोसा?"

बुधवारा मोहल्ल्यात आमच्या समोर त्यांची एक खोली होती. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. एकुलता मुलगा नागपूरला सरकारी कचेरीत कारकून. ज्या वर्षी राज्यं नव्याने आखली गेली आणि आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या वर्षी कारकुनांचीही वाटणी झाली. मुलगा तिकडच्या राज्यात राहिला, काका इकडच्या. मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच लागले होते. शाळेत येणारी मराठी परिपत्रकं त्याच वर्षी थांबली. घरोघरी तोच विषय होता, कोण कुठे गेलं आणि कोण मागे राहिलं. काका त्या बोलण्यात कधी पडले नाहीत. संध्याकाळी दोन भाकऱ्या थापायचे आणि दाराकडे तोंड करून एकटेच जेवायचे.

माझा त्यांच्याशी खरा संबंध आला तो वहिनीमुळे.

वहिनीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. घरात कुणी बोलून दाखवत नसे; तीही नाही. मुंबईच्या एका मासिकात 'मोफत भविष्य आणि कॅलेंडर' असं कूपन आलं. नाव, पत्ता, वय आणि खाली एक मोकळी ओळ होती, 'मनातील चिंता'. आम्हा कुणाजवळ जे ती बोलली नव्हती ते तिने त्या ओळीत लिहिलं आणि कूपन पाठवून दिलं.

कॅलेंडर आलं. मागोमाग कार्डं येऊ लागली. तेलाची, काढ्यांची, ताइतांची. कुणी दिल्लीहून, कुणी कानपूरहून. वर ठळक अक्षरांत 'संतानहीन बहनों, निराश मत हो' आणि खाली वहिनीचं पूर्ण नाव. कार्ड उघडंच असतं. पोस्टमन गल्लीत शिरला की चार ओट्यांवर थांबायचा, आमच्या दारी पोचेपर्यंत ते चार घरांत वाचलेलं असायचं. एक दिवस नळावर एका बाईने हसत विचारलं, "काय वो, ते तेल मागवलं का मग?" वहिनी घागर तिथेच ठेवून घरी आली. त्यानंतर ती नळावर गेली नाही, देवळात नाही, कुणाच्या हळदीकुंकवालाही नाही. दादा आधी चिडला, "लिहिलंसच कशाला?" आणि मग तोही गप्प झाला. आमच्या घरात तीन माणसं होती, आणि तिघंही एकेकटी.

मी काकांकडे गेले. सांगायला सुरुवात केली, तसा त्यांनी हात वर केला.

"सूनबाईंनी काय लिहिलं ते मला नका सांगू. कार्डंही नका दाखवू. पाठवणाऱ्यांची नावं-गावं तेवढी कागदावर उतरवून आणा. आणि कूपन ज्या अंकात होतं तो अंक."

यादीत नऊ नावं निघाली. काकांनी ती दोनदा वाचली.

"बघा. कूपन भरलं एकाला, पोचलं नऊ जणांकडं. पोरीचं दुःख विकलं यांनी, यादी करून विकलं." त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "आता तक्रार. एका ठिकाणी केली तर हरवते. आपण तीन ठिकाणी करू. पोस्टमास्तरांना लिहायचं की टपाल घरी आणू नका, खिडकीवर ठेवा. नको ते 'घेणार नाही' म्हणून परत करू. मासिकाच्या संपादकाला लिहायचं, कारण जाहिरात त्यांनी छापली. आणि सरकारला. असल्या औषधांच्या जाहिरातींवर नवा कायदा आलाय."

"मी सही करते," मी म्हणाले.

"तुमची नको, दादांची नको. सूनबाईंचीच हवी. नाव त्यांचं वापरलंय."

वहिनीने सह्या केल्या, पण दाराआडून. टपाल आणायची चिठ्ठी तिने काकांच्या नावे लिहून दिली. ते रोज दुपारी पोस्टात जात आणि आलेली कार्डं उलटी धरून आणत.

इतकी यातायात कशासाठी, असं मी एकदा विचारलं.

"आमच्या हिला दमा होता," काका म्हणाले. "जाहिरात बघून हिने औषध मागवलं. पार्सल माझ्याच हातून छाटलं गेलं. मीच पिशवीत घालून घरी आणलं, खूश होऊन. पंधरा दिवसांत सूज आली आणि महिन्यात ही गेली. मी पोस्टातला माणूस, पण कुणाला लिहावं ते मला ठाऊक नव्हतं. ज्याला विचारलं तो म्हणायचा, जाऊ द्या आता." मग त्यांनी चष्मा पुसला. "पुढं मी सगळं शोधून काढलं. पण जिच्या सहीनं लिहायचं, ती उरली नव्हती."

सरकारला लिहिलेलं पाकीट काकांनी सवयीने नागपूरला पाठवलं होतं. दीड महिन्याने ते परत आलं. हा जिल्हा आता आमच्याकडे नाही, भोपाळला लिहा, अशी चिठ्ठी सोबत होती. काकांनी शिक्के पाहिले, कचेरीच्या मोहरेवर बोट ठेवलं.

"माझा मुलगा याच इमारतीत बसतो," ते म्हणाले. "इतक्या जवळ जाऊन आलं."

भोपाळसाठी सगळं हिंदीत लिहायचं होतं. बाजारात काका फर्डी हिंदी बोलत, पण कागदावर त्यांची लेखणी अडायची. तीन वेळा 'आहे' लिहून खोडलं. "बोलायला येते हो, तक्रार करायला येत नाही," असं म्हणून हसले आणि चौथ्यांदा कागद घेतला.

संपादकांनी माफी मागितली आणि ते कूपन पुन्हा छापणार नाही असं कळवलं. सहा महिन्यांनी भोपाळहून दोन ओळी आल्या, चौकशी सुरू असल्याच्या. दिवाळीपर्यंत कार्डं थांबली. वहिनी मात्र बाहेर पडली नाही. गल्लीला जे कळलं होतं, ते कुठलीही कचेरी परत घेऊ शकत नव्हती. काकांनाही हे ठाऊक असावं. भोपाळचा कागद त्यांनी तिच्या हाती दिला आणि एवढंच म्हणाले, "कमी आहे, सूनबाई. पण तुमच्या नावानं आलंय."

त्या पौषात ते गेले. दुपारी पोस्टातून येऊन टेकले, ते उठलेच नाहीत. तार केली, मुलगा तिसऱ्या दिवशी पोचला. बिचारा आता गल्लीत फारसं कुणाला ओळखत नव्हता. दिवस उरकून, खोलीला कुलूप लावून तो परत गेला.

टपाल आता मी खिडकीवरून आणत होते. महिन्याभराने पुन्हा दोन कार्डं आली, कुठल्या तरी नव्याच गावाहून. ती यादी अजून फिरत होती. मी म्हणाले, "मी लिहिते." वहिनीने कार्डं माझ्या हातून काढून घेतली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ती घरात नव्हती. भर दुपारी, नळावरच्या बायकांसमोरून, ती एकटीच पोस्टात गेली होती.

परतली तेव्हा पदराने कपाळ पुसत होती. "खिडकीवरच्या माणसाने विचारलं, किसकी शिकायत है? मी म्हटलं, मेरी." मुठीतली रजिस्ट्रीची पावती तिने सरळ केली आणि उंबऱ्यातून समोरच्या कुलपाकडे पाहत राहिली.

"वन्सं," ती म्हणाली, "ही दाखवायची होती हो त्यांना."