भिंतीवरची सिस्टीम

मी ऑफिसचे किस्से सांगायला बसलो की घरचे एकेक करून उठतात. बायको म्हणते, "तुमच्याकडे काही काम व्हायचं, की नुसते किस्सेच?" आता कापसाच्या त्या वाईट वर्षांत यवतमाळच्या आमच्या खरेदी संस्थेत पुण्याहून सल्लागार आला, त्यात माझा काय दोष? मी कॉम्प्युटर विभागात होतो. समोर घडायचं, डोक्यात साठायचं.

सल्लागाराचं नाव निनाद. पोरगा गोड, टाय घट्ट. आमची सॉफ्टवेअरं वर्षावर्षाला कशी बदलत जाणार, याचं तो चित्र काढणार होता. पहिल्या तक्त्यावर 'आज', दुसऱ्यावर 'मधला टप्पा', तिसऱ्यावर 'उद्या'. प्रत्येक सिस्टीमचा एक चौकोन. चालू ती हिरवी, बंद ती लाल, तात्पुरती ती पिवळी. मधे बाण, सगळे डावीकडून उजवीकडे.

मी विचारलं, "एखादी सिस्टीम परत जुन्यावर न्यायची झाली तर?"

"सर, बदल पुढेच जातो," निनाद म्हणाला. आमच्या साहेबांनी ते वाक्य डायरीत उतरवून घेतलं.

* * *

पहिली अडचण 'आज'ची. निनाद 'आज'चा तक्ता पूर्ण करायचा, तेवढ्यात पुसदच्या खरेदी केंद्रात कुणीतरी काहीतरी बदलायचं. पुन्हा नवा तक्ता. शेवटी साहेब भडकले. सगळ्या केंद्रांना लेखी आदेश गेला: 'आज' फायनल होईपर्यंत कुणीही काहीही बदलू नये!

त्या आठवड्यात पुसदचा कॉम्प्युटर जळला. आदेश पाळून त्यांनी तो तसाच टेबलावर ठेवला आणि रोज पुसला.

* * *

नेर केंद्राने जुन्या सिस्टीमच्या प्रिंटरची रिबन मागितली. मुख्य कार्यालयाचं उत्तर आलं, 'सदर सिस्टीम तक्त्यानुसार बंद आहे. बंद सिस्टीमला रिबन लागत नाही.'

नेरचा माणूस हुशार. त्याने नव्या सिस्टीमच्या नावाने रिबन मागितली. नवी सिस्टीम तेव्हा फक्त कागदावर होती. खोकं भरून रिबनी आल्या!

* * *

पिवळ्या चौकोनांचं तर विचारूच नका. एक एक्सेल शीट कुणीतरी 'सध्यापुरती' म्हणून बनवली होती. सगळ्या केंद्रांचा हिशेब तिच्यावर चालायचा. बनवणारा रिटायर झाला, शीट नाही झाली.

निनादने विचारलं, "एवढी वर्षं तात्पुरतं कसं काय राहू शकतं?"

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. आमचे साहेब स्वतः कित्येक वर्षं 'प्रभारी' होते.

"आम्हीही पिवळेच म्हणा!" साहेब म्हणाले आणि चहा मागवला. माणूस वाईट नव्हता. फक्त सहीशिवाय त्याला ऊनसुद्धा पडलेलं पटायचं नाही.

* * *

मी एकदा तक्त्यातली चूक दाखवली. निनाद म्हणाला, दुरुस्ती 'बदल समिती'च करू शकते.

"मग बोलवा समिती."

त्याने तिसऱ्या तक्त्याच्या टोकाला बोट ठेवलं. समिती 'उद्या'मध्ये स्थापन होणार होती!

* * *

मग दिवाळी झाली, कापूस निघाला. ठरल्याप्रमाणे आर्णीच्या वजनकाट्यावरची जुनी सिस्टीम बंद करून तिच्या कॉम्प्युटरला सील ठोकलं. नवी काही सुरू होईना. वजनाची पावती निघेना, म्हणजे कापूस घेता येईना. गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली. रांगेच्या कडेने व्यापाऱ्याची माणसं फिरत होती. "अथी कायले उन्हात बसता? आमाले द्या." भाव अर्थातच पाडून. बघता बघता एकेक गाडी रांग सोडून त्यांच्याकडे वळायला लागली. मला ते बघवेना. संतापच येत होता.

साहेब, मी आणि निनाद जीप घेऊन पोचलो. केंद्रप्रमुख गावंडे हात जोडून उभा. "साहेब, सील तोडू द्या. जुनी मशीन अजूनबी चालते. लोकं पडत्या भावात कापूस देऊन राह्यले."

"सर, मागे जायला बाणच नाहीये," निनाद म्हणाला.

साहेबांनी व्हरांड्यातल्या भिंतीवर लावलेल्या निनादच्या तक्त्याकडे पाहिलं. "आणि गावंडे, यात तर आर्णी हिरवी आहे. म्हणजे चालू आहे."

रांगेत पहिली गाडी बेबीबाईची होती. वय साठीचं, आवाज तिशीचा. ती खाली उतरून तक्त्यापाशी आली.

"साहेब, आमचा काटा याच्यात कोठी हाये?"

निनादने अदबीने हिरवा चौकोन दाखवला. "हा बघा, मावशी."

"अन् हा चालू हाये?"

"हो."

बेबीबाई वळली आणि गाडीवरच्या माणसाला ओरडली, "गाडी इकडं भिंतीले लाव रे!" स्वतः ओंजळभर कापूस घेऊन आली आणि त्या हिरव्या चौकोनावर दाबून धरला. "घ्या मोजून."

कापूस खाली पडला. सगळी रांग बघत होती.

साहेब कसेबसे म्हणाले, "अहो बाई, हे चित्र आहे."

"हो का? मले वाटलं, तुमालेच माहीत नाही."

साहेब तक्त्यापाशी आले. त्यांनी खिशातून पेन काढलं, उजवीकडून डावीकडे एक बाण ओढला, त्याखाली सही केली आणि गावंडेला म्हणाले, "तोड सील."