विसावर धरलेला पाय

गाडी झटके खाते, हे आप्पांनी तिसऱ्यांदा ऐकवलं तेव्हा मी वैतागून म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता गॅरेजला चला. आप्पा म्हणजे माझे वडील. चाकणच्या कंपनीत त्यांनी आयुष्यभर तयार पार्ट तपासले, त्यामुळे चूक पार्टाचीच असते ही त्यांची पक्की समजूत. भोसरीच्या गॅरेजवाल्याने नुकताच ॲक्सिलरेटरच्या पेडलचा सेन्सर बदलला होता. म्हणजे आरोपी ठरलेलाच होता. निवृत्तीनंतर गाडी चालवणं हे त्यांचं एकमेव सुख. ती दोन दिवस गॅरेजला राहिली तरी ते घरात आईच्या फोडणीतसुद्धा दोष काढत.

"तुझा सेन्सर खराब हाय," गाडीतून उतरायच्या आधीच त्यांनी गॅरेजवाल्याला सुनावलं.

गॅरेजवाला भला माणूस. वाद न घालता त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. पेडल किती टक्के दाबलंय त्याचा आकडा त्याच क्षणी दिसत होता आणि खाली त्याची रेघ पुढे सरकत होती.

"काका, वीसवर आणा आणि पाय तसाच धरा."

आप्पांनी पाय धरला. आकडा सतरा, तेवीस, अठरा असा नाचत राहिला. रेघ करवतीच्या दात्यांसारखी.

"बघ, म्हटलं न्हवतं," आप्पा खुशीत म्हणाले.

मग त्याने मला बसवलं. मी वीसवर पाय धरला, तर रेघ अगदी सरळ गेली. "झाला की नीट," मी बावळटासारखी बोलून गेले. गॅरेजवाल्याने आमच्याकडे बघायचं टाळलं. "वायर ढिली असंल, बघतो," म्हणत तो खाली वाकला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पण आकड्यांच्या बाबतीत आप्पांना कोण फसवणार?

"वायर नीट हाय," ते हळूच म्हणाले. "मला परत बसू दे."

या वेळी त्यांनी दातओठ आवळून पाय धरला. रेघ आणखीच थरथरली. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग इंजिन बंद करून त्यांनी चावी माझ्या हातात दिली.

"सेन्सर चांगला हाय बाबा," ते गॅरेजवाल्याला म्हणाले. "उगाच बोललो तुला."

त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला आणि इतकं रडू आलं, की मी चावी दोनदा खाली पाडली.

परतताना ते डावीकडे बसले. उद्या पाय डॉक्टरला दाखवू, एवढंच बोलले. मग गप्प. मी गिअर उशिरा बदलला, ब्रेक उगाच दाबला, तरी गप्प. एरवी त्यांच्या सूचनांवरून मी गाडी बाजूला लावून भांडते, पण ती शांतता मला सोसवेना. मोशीच्या सिग्नलला मी मुद्दाम तिसऱ्या गिअरवर गाडी उचलली. ती गचका खाऊन बंद पडली. मागून हॉर्नचा गलका सुरू झाला.

"क्लच, अगं क्लच दाब की," आप्पा खेकसले, आणि माझ्या जिवात जीव आला.